उजव्या हाताची पेन्शन

इंद्रजित खोताचा उजवा हात २०४३ सालच्या फेब्रुवारीत सेवानिवृत्त झाला. बाकीचा इंद्रजित तेव्हा सत्तेचाळीस वर्षांचा होता आणि त्याच्या निवृत्तीला बराच अवकाश होता. पण हाताचा सत्कार ठेवलेला असल्यामुळे बाकीच्यालाही हजर राहावं लागलं.

सत्कार शिरोलीच्या फाउंड्रीत, फेटलिंग खात्यातच झाला. साच्यातून निघालेल्या ओतीव लोखंडाच्या कडेला नको असलेला पापुद्रा राहतो, तो ग्राइंडर धरून उडवायचा, याला फेटलिंग म्हणतात. इंद्रजितनं उभ्या उमरीत दुसरं काम केलं नव्हतं. मॅनेजरसाहेबांनी शाल घातली आणि नारळ पुढं केला. इंद्रजितनं सवयीनं उजवा हात उचलला, तेव्हा शेजारी उभ्या असलेल्या श्रुतिका सांगावकरनं तो हलकेच खाली दाबला.

"काका, हा नाही. हा आता आमचा."

श्रुतिका विमा कंपनीची. कामगारांचं सुख वाढवायला तिला फाउंड्रीत नेमलेलं होतं आणि तिचं पद होतं 'स्वास्थ्यसखी'. दर महिन्याला सुख किती टक्के वाढलं, हे तिला वर कळवावं लागे. मुलगी गुणी होती. गेल्या महिन्यात दोन कामगार वारले तरी तिनं सुख खाली येऊ दिलं नव्हतं.

नारळ इंद्रजितनं डाव्या हातात घेतला. टाळ्या झाल्या. टाळ्या वाजवायला त्याच्याकडं हात एकच शिल्लक होता, म्हणून त्यानं मान हलवली.

या प्रकाराच्या मुळाशी एक साधं यंत्र होतं. हातातली नस म्हणजे आवरण घातलेली तार. मेंदूनं 'पकड' म्हटलं की निरोप त्या तारेतून पापणी लवायच्या आत बोटाला पोचतो. ग्राइंडरची थरथर वर्षानुवर्षं मुरत गेली की तारेवरचं आवरण झिजतं, बारीक रक्तवाहिन्या आक्रसतात आणि निरोप वाटेत रेंगाळायला लागतो. आधी थंडीत बोटं पांढरी पडतात, मग मुंग्या येतात, मग शर्टाचं बटण लागेनासं होतं. पूर्वी बटण लागेनासं झाल्यावर डॉक्टर सांगत की हात गेला. नव्या यंत्रानं मनगटाला विजेची बारीकशी टिचकी मारायची, ती बोटाच्या टोकाला कधी पोचते ते मोजायचं आणि लाखो हातांच्या नोंदींशी ताडून बघायचं. मग हात कोणत्या साली जाणार, हे तो ठणठणीत असतानाच कळे. रस्त्याला खड्डा पडायच्या सात वर्षं आधी खड्डा दाखवावा, तसा प्रकार. महापालिकांनी असलं यंत्र घेतलं नसतं. विमा कंपन्यांनी घेतलं.

त्यांचा विचार सरळ होता. हात गेल्यावर भरपाई द्यायची तर ती घसघशीत द्यावी लागते. जायच्या आधीच थोडी थोडी देत राहिलं तर स्वस्तात पडतं; अट एकच, की हातानं जायचं नाही. त्यासाठी हातानं काही करायचंच नाही. आणि माणसाच्या शब्दावर कुठली कंपनी विसंबते? म्हणून 'विराम' नावाची बाही निघाली. कोपरापासून बोटांच्या टोकांपर्यंत ती चढवली की तिच्यातून नसेला इतक्या वेगानं विजेची लहर बसत राही, की नसेला निरोप वाहायला उसंतच मिळत नसे. रेल्वेचं फाटक पडल्यावर अलीकडचे अलीकडं आणि पलीकडचे पलीकडं, तसं. मेंदूचा हुकूम बोटांना पोचत नाही, बोटांचं दुखणं मेंदूला कळत नाही. मधूनमधून क्षणभर फाटक उघडायचं, बाही आपलं वाचन घ्यायची, की पुन्हा बंद. कामगार तिला मोजा म्हणत.

इंद्रजितचं 'भावी अपंगत्व' बासष्ट टक्के निघालं होतं. चाळीसच्या वर असेल तोवर पगाराच्या सत्तर टक्के पेन्शन, आणि नूतनीकरण दर वर्षी.

"तुझं नशीब बघ, लेका," शेजारच्या बाकावरचा अस्लम मुल्ला म्हणाला. दोघं एकाच आठवड्यात कामाला लागले होते. "घरात बसून पगार. आन् माझा हात बघ. एवढा राबवला, तरी नालायक ठणठणीत! मरंपतूर टिकणार म्हणं. माझ्या वाट्याला काय चांगलं यायचंच न्हाई."

"मग आता खात्यात कोण ऱ्हायलं?"

"मी. मी आन् दोन रोबो. रोबोंना जेवायची सुट्टी हाय, चार्जिंगला. मला विचारत न्हाईत."

घरी आल्यावर पहिल्या महिन्यात हाताचं फार कौतुक झालं. गल्लीतली माणसं बघायला येत, बाहीवरून बोट फिरवत, "काय म्हणजे काय कळत न्हाई?" असं विचारत. एकानं तर चिमटा घेऊन पाहिला. इंद्रजितला कळलं नाही. दुसऱ्या दिवशी बाही धुवायला काढली तेव्हा वळ दिसला. हात सोफ्याच्या दांड्यावर पडून असे. लांबच्या गावाहून आलेल्या, मुक्काम वाढलेल्या पाहुण्यासारखा. इंद्रजित टीव्ही बघे, डाव्या हातानं जेवे, डाव्या हातानं चहा पिई. दुखत काही नव्हतं. बरंही वाटत नव्हतं. पण बरं वाटणं हे पॉलिसीत बसत नव्हतंच. हळूहळू त्याच्या लक्षात आलं, की फाटक कोपराला आहे असं कंपनी म्हणत असली, तरी ते आणखी बरंच वर कुठंतरी पडलं असावं. मिरजेला नर्सिंग शिकणारी मुलगी ईश्वरी फोनवर रडली, परीक्षा अवघड गेली म्हणून. तो "बरं बरं" म्हणाला आणि चॅनेल बदलला.

पगारातले तीस टक्के गेले होते, ते सारिकानं भरून काढले. सारिका त्याची बायको. फाउंड्रीच्या कॅन्टीननं त्याच सुमारास कामगारांच्या स्वास्थ्यासाठी रोज ज्वारीची भाकरी सुरू केली होती, तीही हाताची हवी, यंत्राची नको. ती ऑर्डर सारिकानं घेतली. पहाटे परात मांडून बसली की दुपारी उठायची. थाप, थाप, थाप. इंद्रजितला तो आवाज टीव्हीच्या मागं ऐकू यायचा. सवयीनं तोही यायचा बंद झाला.

खंडेनवमीला फाउंड्रीत हत्यारांची पूजा असते. ग्राइंडर धुऊन-पुसून, झेंडूची माळ घालून पाटावर मांडतात. त्या वर्षी ग्राइंडर मोजकेच उरले होते, म्हणून साहेबांनी विश्रांतीतल्या सगळ्या उजव्या हातांना बोलावणं धाडलं. चौदा माणसं एका रांगेत पाटावर हात ठेवून बसली आणि भटजींनी हातांवर हळद-कुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या, उदबत्ती ओवाळली. उदबत्तीची राख इंद्रजितच्या तळव्यावर पडली. तो बघत राहिला. बाहीला बारीक भोक पडलं होतं आणि आत काहीतरी लाल होत होतं.

"पोळालं का हो?" भटजींनी घाबरून विचारलं.

"विचारून सांगतो," इंद्रजित म्हणाला.

प्रसाद घेऊन निघताना श्रुतिका त्याला बाजूला घेऊन बोलली. तिचा चेहरा पडलेला होता.

"काका, एक वाईट बातमी आहे. तुमचा हात सुधारतोय."

"म्हंजे?"

"विश्रांती मिळाली ना. नस भरून येतीय. बासष्टवरून अठ्ठेचाळीसवर आलाय. फेब्रुवारीत नूतनीकरण आहे. चाळीसच्या खाली गेला तर तुम्ही धडधाकट. मग पेन्शन बंद."

"आन् काम?"

"कामाचं मी बघत नाही. मी सुखाचं बघते."

कामाचं इंद्रजितला श्रुतिकानं सांगायची गरज नव्हती. त्याच्या बाकावर रोबो उभा होता. आणि बाही काढली की दिसणारा हात कोवळ्या वांग्यासारखा मऊ आणि मनगटाशी काडीसारखा झाला होता. नस उत्तम, पण ग्राइंडर धरायचा तर दोन मिनिटांत गळून पडला असता. म्हणजे कंपनीच्या लेखी हात कामाचा होता आणि कामाच्या लेखी नव्हता. मधे ईश्वरीचं नर्सिंगचं शेवटचं वर्ष होतं.

उपाय अस्लमनं काढला. "त्यात काय अवघाड हाय? बिघडव की. एवढी वर्षं फुकटात बिघडवलास, आता पेन्शनसाठी बिघडव."

हालोंडीच्या रस्त्याला अस्लमच्या मेहुण्याचं लोखंडी गेट बनवायचं दुकान होतं. दुपारी तिथं कुणी नसे. रोज तासभर तिथला जुना, खिळखिळा ग्राइंडर धरायचा, जेवढा थरथरेल तेवढा चांगला, आणि परत येऊन बाही चढवायची. जे काम केल्यामुळे हात जाणार होता आणि म्हणून ज्या कामावरून हाताला काढलं होतं, तेच काम हात जावा म्हणून आता चोरून करायचं होतं. इंद्रजितला यात विसंगती दिसली नाही. त्याला त्या दिवसांत काहीच फारसं दिसत नसे.

अडचण बाहीची होती. सकाळी धुवायची ठरलेली वेळ सोडून ती काढली, की अर्ध्या मिनिटात गोड आवाजात विचारायची, "आपण विश्रांती घेत आहात ना?" आणि उत्तर म्हणून हात मिळाला नाही तर कंपनीला कळवायची. मुळात बाहीनं आपला माणूस बोटांच्या ठशांवरून ओळखावा असं ठरलं होतं. पण वीस-वीस वर्षं ग्राइंडर धरलेल्यांच्या बोटांना ठसेच उरले नव्हते. तेव्हा तिला एवढंच शिकवण्यात आलं: आत माणसाचा उजवा हात आहे का, तो गरम आहे का, आणि तो गप्प आहे का.

गरम पाण्याची पिशवी बाहीनं लगेच ओळखली. अस्लमनं बोकडाचा पाय सुचवला. बोकड गरम होता, पण गप्प नव्हता.

"आणा हिकडं," सारिका म्हणाली. भाकऱ्यांची शेवटची चळत कॅन्टीनच्या गाडीत गेली होती आणि ती भिंतीला टेकून बसली होती. "माझा हात काय गेलाय?"

बाही तिच्या हाताला ढगळ झाली, पण तक्रार न करता बसली. इंद्रजित सायकल काढून गेला. तासाभरानं आला तेव्हा सारिका बसल्या जागी गाढ झोपलेली होती, तोंड अर्धवट उघडं. त्यानं हाक मारल्यावर दचकून उठली आणि आपल्याच हाताकडं बघत राहिली.

"अहो, ह्यो कुणाचा हाय?"

"तुझाच की."

"माझा एवढा हलका कवा हुता?"

तेव्हापासून रोज दुपार झाली की सारिका स्वतःच मागं लागायची. "जावा की. उशीर हुतोय." एकदा तर जेवणाचं ताट पुढ्यातून उचललं. बायकोला पेन्शनची केवढी काळजी, असं इंद्रजितला वाटलं. एरवी त्याला वाटायचं काही राहिलं नव्हतं, पण एवढं वाटलं.

दुकानात पहिले काही दिवस ग्राइंडर त्याच्या हातात ठरलाच नाही. मग ठरला. थरथर कोपरातून खांद्यात शिरली, दातांपर्यंत गेली. बोटं सुजली. रात्री बाहीखाली त्याला काही कळत नसे. पण दुपारचा तो एक तास हात ठणकायचा, आणि घामानं निथळत तो जवळजवळ खुशीत असायचा. येताना वाटेत सायकल थांबवून एकदा त्यानं ईश्वरीला फोन केला आणि परीक्षेचं पुढं काय झालं ते विचारलं. ती म्हणाली, "बाबा, ती परीक्षा होऊन चार महिने झाले."

फेब्रुवारीत श्रुतिका घरी आली. विमा कंपनीनं डॉक्टरला दाखवायची पद्धत केव्हाच बंद केली होती. प्रत्यक्ष माणूस बघितला की बघणारा एक तर दया दाखवतो नाहीतर पैसे खातो, आणि दोन्ही कंपनीला महाग पडतं. निर्णय बाहीच्या नोंदींवर व्हायचा. श्रुतिकानं फक्त येऊन कळवायचं. ती हसतच आत आली.

"काका, अभिनंदन! तुमचा हात बिघडला."

इंद्रजित उठून उभा राहिला. "किती?"

"एक्याऐंशी! साहेबसुद्धा चकित झाले. पेन्शन चालू, वर पाच टक्के वाढ." तिनं खुर्ची ओढली आणि टॅबलेट त्याच्यापुढं धरला. "फक्त आलेख जरा विचित्र आहे. हे बघा. दिवसभर हात तसा बराच. पंचेचाळीस, सेहेचाळीस. ग्राइंडरच्या जुन्या खुणा, बाकी विशेष नाही."

"मग एक्याऐंशी कुठलं?"

"हे. दुपारी दोन ते तीन. रोज. एकदम दरीत पडल्यासारखं. आमचा प्रोग्राम सगळ्यात वाईट वाचन खरं धरतो. तुम्ही दुपारी काय करता?"

"झोपतो."

"तरीच. झोपलेला हात खोटं बोलत नाही." मग तिनं आलेख दोन बोटांनी ताणून मोठा केला आणि तिच्या कपाळाला आठी पडली. "आणखी एक गंमत आहे. थरथरीनं नस बोटांकडून बिघडत येते. ही मनगटात आवळली गेलीय. पार चेपलीय. असला हात आम्हाला ट्रेनिंगमध्ये एकदाच दाखवला होता. थापायचं, मळायचं, पिळायचं काम जन्मभर केलं की असा होतो. अशा माणसाला रात्री झोप लागत नाही, काका. हात झटकत बसतात."

"त्यांना काय देता तुम्ही?"

"कुणाला?"

"त्या हातांना."

"ती उदाहरणं होती," श्रुतिका म्हणाली. "पॉलिसी नव्हती त्यांची."

आतून सारिका चहा घेऊन आली. तिनं कपबशी डाव्या हातानं पुढं केली आणि उजवा हात नुसता खालून टेकवला. पाहुण्याला डाव्या हातानं काही द्यायची या घराची रीत नव्हती. देणारा हात डावा आहे हे इंद्रजितनं पाहिलं. मग त्याला आठवत गेलं, की ती पाण्याची कळशी कडेवर घ्यायला लागली होती, वेणी घालायचं सोडून नुसता अंबाडा बांधत होती, आणि रात्री अंधारात कपडे झटकल्यासारखा जो आवाज यायचा तो कपड्यांचा नव्हता. हे सगळं त्याच्या डोळ्यांसमोर झालं होतं. फाटकाच्या पलीकडं.

श्रुतिकानं कप घेतला. ती सारिकाच्या हाताकडं बघत होती.

"मावशी, रोज किती भाकरी करता?"

"दीडशे. तुमच्याच कॅन्टीनला की."

"छान असतात," श्रुतिका म्हणाली. चहा संपवला. टॅबलेटवर मंजुरीचा अंगठा टेकवला, टॅबलेट मिटवला आणि पर्समध्ये ठेवला. उठताना म्हणाली, "काका, मला बाही तपासायचा अधिकार आहे. हात तपासायचा नाही. म्हणजे, बघायचासुद्धा नाही."

"व्हय."

दारात चप्पल घालता घालता ती थांबली. "फक्त एक. दुपारी तासभरच का झोपता? जास्त झोपलात तर हाताला बरं."

ती गेली. इंद्रजितनं बाहीचा पट्टा दातांनी सोडवला आणि बाही काढली. आतून ग्राइंडरनं सुजलेला, पण जिवंत हात निघाला. तो सारिकापुढं येऊन बसला.

"रात्री दुखतो?"

"सगळ्यांचाच दुखतोय."

"मला सांगायचं न्हाईस?"

"तुम्हाला?" सारिका म्हणाली. त्या एका शब्दात राग नव्हता. रागवायला समोर कुणीतरी असावं लागतं.

त्यानं तिचा हात ओढून घेतला आणि बाही चढवू लागला. ती मागं सरली.

"अहो, दोन वाजल्यात व्हय? आन् उद्याच्या दीडशे भाकऱ्या कोण तुमचा बा थापणार?"

"मी."

"तुम्ही! तुम्हाला परात कुठली ते म्हाईत हाय का? आन् गल्लीतल्या कुणी बघितलं म्हंजे? हात हलताना दिसला की गेली पेन्शन, वर फसवणुकीची केस."

"खिडकी लावून घीन. भाईर जाताना पायातला मोजा घालीन हाताला. कोण वास घ्यायला येतंय?"

सारिकाला हसू आलं, पण तिनं ते पुरं येऊ दिलं नाही. तिला पुढचं दिसत होतं. "आन् ह्यो माझा हात आराम करून सुधारला म्हंजे? चाळीसच्या खाली गेला तर?"

इंद्रजितनं विचार केला. विमा कंपनीत बसणाऱ्या माणसासारखा, शांतपणे, कुणाचंही मन मधे न आणता. "तवर माझा बिघडंल की. रोज दीडशे थापल्यावर. मग मोजा मी घालीन, आन् तू..." इथं तो अडला. हिशेब बरोबर होता. एका घरात नेहमी एक हात गेलेला असला की घर सुरक्षित. फक्त तो कुणाचा, एवढंच पाळीनं ठरवायचं होतं.

"बोला की," सारिका म्हणाली.

"मग त्या वक्ताला बघू."

पट्टा आवळला. बारीकशी गुणगुण झाली आणि सारिकाची बोटं एकामागून एक उलगडत सैल पडली. तिनं डोळे मिटले.

दुसऱ्या दिवशी पहाटे खिडक्या लावून इंद्रजित परातीपुढं मांडी घालून बसला. पिठात उकळतं पाणी किती ओतायचं यावरून त्याला आधीच बोलणी बसली होती. पहिली भाकरी थापताना फाटली. दुसरीला कुठल्याशा देशाच्या नकाशाचा आकार आला. तिसरी गोल होती, निदान एका बाजूनं. ती त्यानं तळव्यावर घेतली, तव्यावर टाकायला गेला आणि तिच्यासकट चारही बोटं तव्याला टेकली.

त्यानं अशी आरोळी ठोकली, की शेजारच्या घरातला दिवा लागला.

"भाजलं?" खुर्चीतून सारिकानं विचारलं.

"भाजलं! आई आई गं... भाजलं की!"

"लई?"

"लई!" त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. बोटं तोंडात धरून तो तिच्याकडं बघत होता. तिचा हात खुर्चीच्या दांड्यावर तळवा वर करून पडला होता, कुणाचाच नसल्यासारखा.

"मग पाण्यात बुडवा," सारिका म्हणाली. "आन् तवा बघा, करपालाय. मी उठणार न्हाई."

आणि ती खरोखरच उठली नाही.